मदत हवी आहे: हनीकोंबचे ते जुने चॉकलेट सुपरमार्केटमध्ये परत आले आहे, ते नक्की कोणते?

ईशान्या_पुणे
नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी मिळणारे, आत सोनेरी, जाळीदार, कुरकुरीत हनीकोंब (साखरेचा घट्ट झालेला फेस) असलेले चॉकलेट बरीच वर्षे बंद होते आणि आता सुपरमार्केटमध्ये परत आले आहे, असे घरच्या व्हॉट्सॲप गटावर वाचले. ते कोणत्या दुकानात मिळते आणि वीस-पंचवीस नग एकदम मिळतील का, एवढेच मला हवे आहे. दीर शुक्रवारी निघत आहेत, त्यामुळे कृपया लवकर सांगावे. शोधून पाहिले, पण दर वेळी वेगळेच चॉकलेट समोर येते.

लंडनस्थ
हे नक्कीच क्रंची असणार. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते 1929 मध्ये बाजारात आणले. फ्राय त्याआधीच कॅडबरीत विलीन झाली होती, म्हणून आज त्यावर कॅडबरीचे नाव दिसते. मात्र ते बंद कधीच झाले नव्हते, त्यामुळे परत येण्याचा प्रश्न नाही. दिरांना कोणत्याही टेस्को सुपरमार्केटमध्ये जायला सांगा, चार-चारची पाकिटे मिळतील.

वाचनमात्र
दीर कोठून निघत आहेत, सासऱ्यांनी हे चॉकलेट कोणत्या देशात आणि साधारण कोणत्या वर्षी खाल्ले, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. हनीकोंबवर चॉकलेटचा थर दिलेली उत्पादने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा अशी अर्ध्या जगात मिळतात. एवढी माहिती दिलीत तर उत्तर पाच मिनिटांत मिळेल.

ईशान्या_पुणे
दीर ब्रिस्बेनला असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच. सासरे 1969 मध्ये कोलंबो योजनेतून प्रशिक्षणासाठी मेलबर्नला गेले होते, तेव्हाचे हे चॉकलेट आहे. ते त्याला 'हॉडलीचे चॉकलेट' म्हणतात. मला कंपन्यांचा इतिहास नको आहे, दुकानाचे नाव हवे आहे.

यारा_काठचा
ईशान्याताई, इतिहासाला आपला नकार असला तरी या बाबतीत त्याच्याशिवाय दुकानात चुकीची वस्तू उचलली जाईल, म्हणून थोडा धीर धरावा.

हॉडली ही मेलबर्नची जुनी कंपनी. एबल हॉडली यांनी 1913 मध्ये व्हायोलेट क्रम्बल बाजारात आणले. हनीकोंबवर चॉकलेटचा थर दिलेले आपले चॉकलेट ते हेच, आणि त्याचे जांभळे वेष्टन हॉडलींच्या पत्नीला आवडणाऱ्या फुलांवरून आले असे सांगतात. याच कंपनीने 1947 मध्ये पॉली वॉफल काढले, पण त्यात हनीकोंब नाही. ती वेफरची नळी असते, आत मार्शमॅलो भरलेला असतो आणि वरून चॉकलेट. 1972 मध्ये हॉडली कंपनी राऊनट्री या ब्रिटिश कंपनीकडे गेली, 1988 मध्ये राऊनट्री नेस्लेकडे गेली आणि 2009 मध्ये पॉली वॉफलचे उत्पादन थांबले. पुढे ॲडलेडच्या रॉबर्न मेन्झ या कौटुंबिक कंपनीने 2018 मध्ये व्हायोलेट क्रम्बल नेस्लेकडून विकत घेतले, नंतर पॉली वॉफलचे हक्कही घेतले आणि 2024 मध्ये ते पुन्हा दुकानांत आणले.

आपल्या गटावर फिरत असलेली 'परत आले' ही बातमी बहुधा पॉली वॉफलची आहे. व्हायोलेट क्रम्बलचे मालक बदलत गेले, पण ते दुकानांतून गेले नाही. 'हॉडलीचे' म्हणण्याने दोन्ही वस्तू बसतात, म्हणून विचारतो: सासऱ्यांच्या आठवणीत ते चावल्यावर फुटत असे, की आत मऊ आणि चिवट लागत असे? वेष्टनाचा रंग ते सांगतात का?

ईशान्या_पुणे
त्यांना थेट विचारता येत नाही, कारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि हे त्यांच्या नकळत करायचे आहे. सासूबाईंना हळूच विचारले. त्या म्हणाल्या, 'जांभळा कागद. चावला की ठिकऱ्या उडायच्या, मग हे शर्टावर सांडलेले कण बोटाला थुंकी लावून टिपून खायचे. वसतिगृहात सगळे हसत, असे हेच मला सांगतात.'

यारा_काठचा
मग शंकाच उरली नाही, व्हायोलेट क्रम्बलच. ते इतके ठिसूळ असते की कंपनीच्या जुन्या जाहिरातींचा सगळा भर ते कसे फुटते यावरच असे. कोल्स आणि वूलवर्थ्स या दोन्ही साखळ्यांमध्ये ते मिळते. सबंध वडीही मिळते आणि छोट्या तुकड्यांची पिशवीही. प्रवासासाठी मी सबंध वड्याच घेईन, कारण पिशवीतले तुकडे एकमेकांवर घासून तळाशी भुगा साठतो. वीस-पंचवीस नग एका दुकानात मिळाले नाहीत तर वाटेतल्या दुसऱ्या दुकानात मिळतील, त्याची चिंता नसावी.

लंडनस्थ
मी तरीही सुचवेन की क्रंचीचा विचार करावा. ऑस्ट्रेलियातही ते मिळते आणि त्याची जाळी अधिक सच्छिद्र असल्याने दातांना सोपे जाते. ही वडी कापण्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. पात्याने कापली तर हनीकोंबचा चुरा होतो आणि पाण्याच्या धारेने ते विरघळते, म्हणून मोठ्या लादीतून या वड्या तेलाच्या अतिदाबाच्या धारेने कापतात. ब्रिस्टलजवळच्या केन्शॅमचा कारखाना 2011 मध्ये बंद होऊन उत्पादन पोलंडला गेले, तेव्हापासून चव तीच राहिली की नाही यावर आमच्याकडे अजून वाद होतात.

वाचनमात्र
लंडनस्थ, ज्या गृहस्थांना पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचे जांभळे वेष्टन आठवते त्यांना सोनेरी वेष्टनातले दुसरे चॉकलेट देऊन काय साधणार? आपली माहिती रंजक आहे, पण ती विचारलेली नाही.

आरोग्यमित्र_68
वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी एवढी साखर कशाला? रक्तातील साखर तपासली आहे का? त्याऐवजी खजुराचे लाडू करावेत, त्यातही लोह असते.

ईशान्या_पुणे
त्यांना मधुमेह नाही, आणि पंचवीस वड्या एकटे ते खाणार नाहीत, आलेल्या पाहुण्यांनाही द्यायच्या आहेत. कृपया विषयावर राहावे. यारा_काठचा, मनापासून आभार. दिरांना कळवले आहे, ते उद्या घेतील. हे सामान ते चेक-इनच्या बॅगेत टाकणार आहेत, त्याला काही हरकत नसावी.

समिधा_रत्नागिरी
हरकत आहे. कोकोचे लोणी 34 अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्याकडे मे महिन्यात मुंबईच्या विमानतळाबाहेरच्या गाडीत तापमान त्याच्या किती तरी वर जाते. चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट झाले की त्यावर पांढुरकी बुरशीसारखी छटा येते. ती बुरशी नसते, खाण्यात काही बिघडत नाही, परंतु भेट म्हणून ते बरे दिसत नाही. खरा धोका मात्र आतल्या हनीकोंबला असतो. ते म्हणजे साखरेचा काचेसारखा घट्ट झालेला फेस, आणि तो हवेतली वाफ झपाट्याने शोषतो. वरचा चॉकलेटचा थर त्याला दमटपणापासून वाचवतो. थराला एक बारीक तडा गेला तरी त्या जागी हनीकोंब चिकट होऊ लागते आणि दोन दिवसांत तिथे मधासारखा ओघळ दिसतो. म्हणून वड्या हवाबंद डब्यात, मधे टिश्यू कागद भरून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून हातातल्या बॅगेत आणाव्यात.

खडीसाखर
एवढा खटाटोप कशाला? घरी आणल्यावर सरळ फ्रिजमध्ये ठेवावे. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळी चॉकलेटे फ्रिजमध्येच असतात.

समिधा_रत्नागिरी
साध्या चॉकलेटला ते चालते, याला नाही. थंड वडी बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि तेच पाणी तड्यांतून आत जाते. ठेवायचेच असेल तर हवाबंद डब्यासकट ठेवावे आणि डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. कोकणात राहून मी हे पुरेपूर अनुभवले आहे; आमच्याकडे उघडी राहिलेली हनीकोंब पंख्याखालीसुद्धा अर्ध्या तासात बोटांना चिकटते.

माधवराव_नाशिक
एक शंका. हनीकोंबचा फेस टिकावा म्हणून काही उत्पादक त्यात जिलेटिन घालतात, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. आपल्याकडे वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण सक्तीचा आहे, तसे ऑस्ट्रेलियात नाही, त्यामुळे मागची घटकांची बारीक यादी वाचावीच लागते. सासरे शाकाहारी आहेत का, हे आपण लिहिलेले नाही.

ईशान्या_पुणे
अर्थातच शाकाहारी आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी माळ घातली, दर वर्षी वारीला जातात. मेलबर्नला ते काय खात होते हा वेगळा विषय. चॉकलेटमध्ये असे काही असू शकते हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

वाचनमात्र
ही गोष्ट पहिल्याच संदेशात आली असती तर बरे झाले असते. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी माळकरी माणसाच्या हाती, तेही इतक्या कौतुकाने, जिलेटिन ठेवायचे नसेल तर दिरांना दुकानातच वेष्टन उलटून वाचायला सांगावे. जिलेटिन हा शब्द घटकांच्या यादीत सरळ लिहिलेला असतो. मिसळलेले पदार्थ यादीत क्रमांकानेही लिहितात; त्यांत 476 हा क्रमांक दिसला तर घाबरू नये, तो एरंडेल तेलापासून बनवलेला पदार्थ असतो. 471 मात्र वनस्पतीजन्य किंवा प्राणिजन्य कसाही असू शकतो, तिथे कंपनीला विचारावे लागते. पॉली वॉफलच्या बाबतीत तर आत मार्शमॅलो असल्यामुळे, आणि तो बहुधा जिलेटिन घालूनच बनवतात म्हणून, ही दक्षता आणखीच हवी.

पाकसिद्धी
माझे मत विचाराल तर घरीच करावे, कारण घरच्या हनीकोंबला जिलेटिन लागतच नाही. दोनशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि दोन मोठे चमचे पाणी जाड बुडाच्या खोल पातेल्यात मंद आचेवर विरघळवावे. साखर विरघळली की ढवळणे बंद करून आच वाढवावी. पाक 150 अंशांवर आला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर चिक्कीच्या पाकाची परीक्षा करतो तशीच करावी: थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, तो लगेच कडक झाला पाहिजे आणि मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. वाकला तर पाक कच्चा, आणि कच्च्या पाकाची हनीकोंब दाताला चिकटते. मग गॅस बंद करून चाळलेला खाण्याचा सोडा दोन लहान चमचे घालावा, झटपट दोन-तीनदा फिरवावे आणि बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतून द्यावे. मिश्रण पातेल्यात तिप्पट-चौपट फुगते, म्हणून खोल भांड्याचा आग्रह आहे. त्याचा शिंतोडा हातावर पडला तर फार भाजते, लहान मुलांना लांब ठेवावे. ओतल्यावर डबा आपटू नये आणि वरून थापू नये, नाहीतर जाळी बसते. गार झाल्यावर तुकडे करून त्याच दिवशी वितळवलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवावेत.

खडीसाखर
ग्लुकोजच्या जागी काकवी घाला, अस्सल चव येते. शिवाय सोडा फुगण्यासाठी आंबट काही तरी लागतेच आणि ते काकवीत असते. नुसत्या साखरेत सोडा फुगणार नाही. खरे तर आपला बत्तासा हाच प्रकार आहे, त्यावर चॉकलेट लावले की झाले.

वाचनमात्र
नुसत्या उष्णतेनेही खाण्याचा सोडा विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो. 150 अंशांच्या पाकात त्याला आंबटपणाची गरज उरत नाही. बत्ताशाचे उदाहरण देऊन आपण स्वतःच हे सिद्ध केले आहे, कारण त्यात काकवी कुठे असते?

पाकसिद्धी
काकवी पूर्ण प्रमाणात घातली तर पाक 150 पर्यंत पोहोचण्याआधीच करपट वास येतो आणि रंग काळपट होतो. चवीसाठी एक चमचा घालावी, त्याहून अधिक नको. ग्लुकोज मात्र वगळू नये. ते नसेल तर पाकात साखरेचे दाणे धरतात आणि जाळीऐवजी भुसभुशीत ढेकूळ हाती येते.

ईशान्या_पुणे
दिरांना वेष्टनाचा फोटो पाठवायला सांगितले आहे. यादीत जिलेटिन निघाले तर ते एकच वडी आणतील, तीही न उघडता केवळ जांभळे वेष्टन बाबांना दाखवण्यासाठी, आणि खाण्यासाठी पाकसिद्धी यांच्या पद्धतीने घरी करू. चॉकलेटही हिरव्या ठिपक्याचेच घेईन. आता दोनच गोष्टी सांगा: लिक्विड ग्लुकोज पुण्यात कुठे मिळेल, आणि कार्यक्रमाच्या किती दिवस आधी करून ठेवता येईल? सविस्तर नको, थोडक्यात चालेल.

पाकसिद्धी
केकचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते. चारही बाजूंनी नीट चॉकलेट लागले असेल आणि डबा हवाबंद असेल तर आठवडाभर आधी करण्यास हरकत नाही, पण पहिला घाणा आत्ताच करून पाहावा, कारण आपल्या गॅसवर पाक किती वेळात होतो ते कळायला एक घाणा जातोच. वजन करताना ग्लुकोज चमच्याने काढू नये, त्याची तार तुटत नाही. हात पाण्याने ओला करून बोटांनीच उचलून थेट साखरेवर टाकावे.