माथेरान: मळलेल्या वाटांवरून कातळटप्प्यांकडे वळताना क्रम कसा ठेवावा?

डोंबिवलीचा वाटसरू (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचा चार जणांचा गट असून गेली काही वर्षे आम्ही नियमितपणे डोंगर चढतो आहोत. पनवेलकडच्या धोदाणीहून सनसेट पॉइंटला जाणारी वाट आमच्या पायाखालची आहे. भिवपुरी रोड स्थानकावर उतरून पाली-भुतिवलीच्या धरणाच्या काठाने आणि सागाच्या वाडीतून गारबेट पॉइंटही आम्ही गाठलेला आहे. या वाटा लांब आहेत, दमवतात, पण त्यांवर हात टेकवण्याची वेळ क्वचितच येते. आता जिथे हातापायांनी चढावे लागते, अशा वाटा शिकायची इच्छा आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे 1850 साली चौकहून वन ट्री हिलच्या बाजूने माथेरानवर चढले आणि रामबागेच्या वाटेने उतरले, असे वाचल्यापासून तोच फेरा करावा असे मनात आहे. आमच्यापैकी दोघांनी प्रस्तरारोहणाचे प्राथमिक शिबिर केले आहे. नोव्हेंबरमध्ये पायथ्याच्या आंबेवाडीहून वन ट्री हिलच्या नळीने, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीने, चढून रामबागेने उतरणे आम्हाला झेपेल का, की त्याआधी आणखी काही वाटा कराव्यात? नळी अवघड वाटली तर अर्ध्यातून परत फिरता येते का, हेही जाणकारांनी सांगावे.

पदरावरून

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. वन ट्री हिलची नळी चढायला जितकी सोपी वाटते तितकी ती उतरायला नाही. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना तीच खोबण पोटाखाली जाते, पाय चाचपडत खाली सोडावा लागतो आणि मन कच खाते. त्यामुळे ज्यांना एखादा टप्पा दोराशिवाय उतरता येणार नाही, त्यांनी तो दोराशिवाय चढूही नये, हा नियम गटातल्या सर्वांत कच्च्या भिडूला लावून पाहा. शिबिर केलेल्या दोघांना लावून उपयोग नाही.

आता वाटेविषयी. वन ट्री हिल हा मुख्य पठारापासून एका अरुंद खिंडीने तुटलेला गोल उंचवटा आहे, आणि त्या दोहोंच्या बेचक्यात उतरणारी नळी म्हणजे तुमची वाट. जुन्या नोंदींत हिला ‘शिवाजीची शिडी’ असे नाव आढळते. आंबेवाडीतून निघाल्यावर प्रथम शेताडी, मग कारवीचे रान आणि त्यानंतर पदर, म्हणजे कड्याखालचा सपाटीचा पट्टा, लागतो. पदरापासून वर मात्र वाटेचे रूप बदलते. मोठमोठे धोंडे, त्यांच्या मधला घसारा (पायाखालून सरकणारी सुटी दगडमाती) आणि अधूनमधून माणूसभर किंवा त्याहून थोडे अधिक उंचीचे कातळटप्पे, असा तो क्रम आहे. एकेकटा टप्पा फार कठीण नाही. कठीण असते ते चार माणसांनी एकाच नळीत एकाखाली एक उभे राहणे, कारण वरच्याच्या पायाखालून निसटलेल्या दगडाला नळीतून बाहेर जायला दुसरी वाटच नसते. एक जण टप्पा चढून सुरक्षित जागी बाजूला होईपर्यंत बाकीच्यांनी कडेच्या कातळाच्या आडोशाला थांबावे. याने वेळ दुप्पट लागतो, आणि तो वेळ धरूनच पहाटे निघावे.

सह्याद्रीचा कातळ हा लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. कठीण थराचे कडे होतात आणि ठिसूळ थर झिजून पदर तयार होतात. या दोहोंच्या सांध्यावर जी पकड मिळते ती दिसायला भक्कम असली तरी पुष्कळदा सुटी असते. अशा पकडीवर भार देण्यापूर्वी बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करून पाहावे. अंगच्या कातळाचा आवाज भरीव आणि आखूड येतो, सुट्या कपच्याचा पोकळ येतो. आवाज भरीव आला तरी पकड बाहेरच्या दिशेने न ओढता खालच्या दिशेने दाबावी, आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सतत टेकलेले ठेवून एकच हलवावा. शिबिरात हे शिकवलेच असेल, पण शिबिराचा कातळ शेकडो हातांनी तपासलेला असतो, नळीतला नसतो.

माझ्या मते वन ट्री हिलच्या आधी तुम्ही कर्जतजवळचा सोंडाई किल्ला करावा. छोटा आहे, अर्ध्या दिवसात होतो, आणि माथ्याजवळच्या कातळटप्प्यांवर शिडी असली तरी तिच्या आजूबाजूला चढ-उतार घोटवायला पुरेसा कातळ मिळतो. तिथे सर्वांनी प्रत्येक टप्पा चढण्याइतक्याच वेळा उतरून पाहावा.

रामबागेने उतरण्याचा बेत उत्तम आहे. ती वाट रुंद आहे, झाडीतून जाते आणि थकलेल्या पायांना सांभाळून घेते. मॅलेट साहेबांनी उतरायला ती का निवडली असेल, हे दोन्ही वाटा पाहिल्यावर लगेच पटते.

नेरळवासी

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, परंतु दोन बाबतींत माझे मत वेगळे आहे.

पहिली बाब महिन्याची. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या काळ्या कातळावर आल्यावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गावातले हॅरिसन आणि मॅलेट यांच्या नावांचे झरे याच कारणाने वाहतात. हाच पाझर पाऊस थांबल्यानंतरही कितीतरी दिवस नळीत उतरत राहतो, आणि जिथे ऊन पोहोचत नाही तिथल्या कातळावर शेवाळ टिकून राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाहेरून सगळा डोंगर कोरडा दिसतो, पण नळीच्या आत तसे असेलच असे नाही. मी डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सुचवीन. पावसाळ्यात तर या नळीचा विचारही करू नये, कारण त्या दिवसांत ती वाट नसून ओढा असतो. 2023 च्या जुलैमध्ये याच परिसरात, चौकपासून जवळ असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळून जी जीवितहानी झाली, ती आठवली की अतिवृष्टीच्या दिवसांत या उतारांखाली उभे राहण्याचीही माझी हिंमत होत नाही.

दुसरी बाब सरावाची. सोंडाई चांगलाच आहे, पण तिथे घसारा फारसा नाही, आणि नवख्यांना खरी दहशत कातळाची नसून घसाऱ्याची असते. त्यासाठी चंदेरी किल्ल्याची नाळ, म्हणजे तशीच एक घळ, पाहा. चंदेरी आणि म्हैसमाळ यांच्या मधल्या खिंडीकडे चढणारी ही नाळ सुट्या दगडांनी भरलेली आहे, आणि पाऊल कसे रोवावे, घसरू लागल्यावर घाबरून मागे न रेलता वजन पायांवर कसे ठेवावे, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे शिकायला मिळत नाही. खिंडीच्या वर महादेवाची पिंडी असलेली गुहा आहे. तुमच्या गटाने तिथे थांबावे. गुहेपासून सुळक्याच्या माथ्याकडे जाणारा भाग अरुंद, ठिसूळ आणि तीव्र दृष्टिभयाचा, म्हणजे खालची खोली पाहून भीती वाटावी असा, आहे, आणि ते काम साधनांसह आरोहण करणाऱ्यांचे आहे.

पुष्कळ जण पेबचे नावही सुचवतील. नेरळहून पेब, म्हणजे विकटगड, आणि तिथून धार पकडून माथेरानच्या रुळांपर्यंत जाणे हा अतिशय सुंदर मार्ग आहे, आणि किल्ल्यावर टाकी व गुहा पाहण्यासारख्या आहेत. मात्र आता तिथल्या अवघड जागांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडी चढल्याने उंचीची सवय होते, कातळ कळत नाही. रुळांवर पोहोचल्यावरही भान ठेवावे, कारण कडा आणि रूळ यांच्यामध्ये गाडी आल्यास उभे राहायला काही ठिकाणी अगदी थोडीच जागा आहे.

घाटवाटांची नोंदवही

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. मी केवळ राहून गेलेल्या गोष्टी नोंदवतो.

पदरावर गुरांच्या आणि लाकूडफाट्यासाठी जाणाऱ्यांच्या वाटा इतक्या फुटतात की नळीचे तोंड सोडून भलत्याच घळीत शिरण्याचा संभव मोठा असतो, आणि माथेरानच्या कड्यांवर भलती घळ म्हणजे बहुधा वर बंद झालेली घळ. आंबेवाडीतला वाटाड्या पहिल्या खेपेला तरी अवश्य घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. मोबाइलवरचा नकाशा नळीत अनेकदा भरकटतो, कारण दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत.

आग्या मधमाश्यांची पोळी या कड्यांना असतात. अंगाला अत्तर वा सुगंधी फवारा लावू नये, नळीत आणि पदरावर कुठेही धूर करू नये, आणि आरडाओरडा टाळावा. कातळटप्प्यावर असताना माश्या उठल्या तर पळायला जागा नसते.

पाणी प्रत्येकी तीन लिटर खालूनच घ्यावे, नळीत पाझर दिसला तरी त्यावर विसंबू नये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रामबागेच्या झाडीत त्याआधीच अंधारते, म्हणून माथ्यावरून दुपारी तीनच्या आत उतरायला लागावे. उशीर झालाच, तर हट्टाने रामबागेकडे न वळता दस्तुरी नाका गाठून गाडीने नेरळला उतरावे. माथ्यावर वस्ती आणि बाजार असलेला हा डोंगर आहे, आणि सह्याद्रीत अशी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

डोंबिवलीचा वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बेत बदलून आता डिसेंबरच्या आरंभी सोंडाई, मग चंदेरीच्या गुहेपर्यंत आणि जानेवारीत वन ट्री हिल असा क्रम ठरवत आहोत. एक शंका उरते. दोर किती लांबीचा न्यावा, आणि नळीत तो बांधायला भरवशाची जागा मिळते का?

पदरावरून

क्रम योग्य आहे. नळीतले टप्पे आखूड असल्याने पंचवीस-तीस मीटरचा आरोहणाचा दोर, प्रत्येकाला हार्नेस व शिरस्त्राण, आणि झाडाला किंवा धोंड्याला वेढा घालण्यासाठी दोन-तीन लांब स्लिंगा पुरतात. दुकानात मिळणारा नायलॉनचा साधा दोर या कामाचा नाही. बांधण्यासाठी जिवंत, मुळे कातळात रुतलेले, किमान मांडीएवढ्या जाडीचे झाड पाहावे आणि स्लिंग बुंध्याच्या अगदी तळाशी टाकावी. कारवीच्या झुडपांना कितीही जुडगे केले तरी दोर बांधू नये. धोंडा निवडलात तर तो आपल्यापैकी तिघांनी मिळून हलवून पाहावा, आणि किंचितही डुलला तर सोडून द्यावा. जिथे यांपैकी काहीच मिळत नाही, तिथे शिबिर केलेल्या दोघांपैकी एकाने वर बसून, पाय कातळाला पक्के टेकवून शरीराचा आधार देता येतो. परंतु तो फक्त खालून चढणाऱ्याला तोल सावरण्यापुरता असतो, लोंबकळणाऱ्या माणसाचे वजन पेलण्यासाठी नाही. ही रीत सोंडाईवर जमिनीलगतच्या टप्प्यावर चौघांनीही आळीपाळीने करून पाहावी, आणि ती जमली नाही तर जानेवारीची तारीख पुढे ढकलावी.