बोरिवलीत कामाला येतोय, नॅशनल पार्क जमेल का?

पाव्हणा: ऑफिसच्या कामाला मुंबईत येतोय, मुक्काम बोरिवलीत, सोमवारी मीटिंग दुपारनंतर आहे तर सकाळी संजय गांधी उद्यानात जाऊन कान्हेरी लेणी बघून होतील का?

रानवाट: सोमवारी पार्क बंद असतं हो. रविवारीच या, पण गर्दी मरणाची.

बोरिवलीकर: सकाळी लवकर गेटवर पोचा, स्टेशनपासून पूर्वेला चालत जाता येतं. तिथून कान्हेरी सहाएक किलोमीटर, सायकल भाड्याने मिळते पण शेवटचा चढ दम काढतो. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघत बसू नका, ३ नंबरचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनेचं दालन) आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघा. खाऊ हातात नको, माकडं हिसकावतात.

पाव्हणा: आणि बिबट्या?

रानवाट: आहेत की, पण दिवसाढवळ्या कशाला दर्शन देतोय 😄