दाढ दुखायची आपोआप थांबली म्हणजे बरी झाली का?

सिडकोची_लेक:
आईची खालची दाढ जाम दुखत होती, रात्री आडवी झाली की ठणका सुरू आणि गरम चहा घेतला की कळ पार कानात. आता एकदम शांत झालीय. ती म्हणते लवंगेच्या तेलाने गुण आला, डॉक्टर नको. पण दाढेखाली हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी आलीय, दाबली की तोंड खारट होतं म्हणते. काय करू? नाशिकमध्ये कमी खर्चात कुठे दाखवता येईल?

डेंटिस्ट_गंगापूररोड:
ताई, दाखवाच. दुखणं थांबलंय ते बहुतेक आतली नस मेली म्हणून. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की आधी थंड-गरमाची कळ लगेच न जाता रेंगाळते, मग काही न खाताही रात्री ठणकतं, आणि नस मेली की सगळं गप्प. इन्फेक्शन मात्र मुळाशी चालूच राहतं, तो पू हाडातून वाट काढत हिरडीवर येतो तीच ही पुटकुळी. पू बाहेर पडतोय म्हणून दाब नाही, म्हणून दुखत नाही. फोडू नका. एक्सरे काढून आरसीटी (रूट कॅनल, म्हणजे आतली मेलेली नस काढून, साफ करून दात भरणं) आणि वर कॅप, दाढ अगदीच पोखरली असेल तर मग काढावी लागते. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, मेलेल्या नसेला रक्तच जात नाही तर औषध आत पोचणार कसं?

पंचवटीकर:
पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजला न्या, बाहेरपेक्षा स्वस्त पडतं. शिकणारी मुलं करतात पण वर सर लोक बघतात, फक्त चकरा जास्त होतात, सकाळीच जा.

भाच्याची_मावशी:
न दुखताही दात मरतो बरं का. भाच्याला पुढच्या दातावर बॉल लागलेला, दुखलं तेवढ्यापुरतंच, काही वर्षांनी दात राखाडी दिसायला लागला. डॉक्टरांनी गारेगार कापूस लावून बघितला, शेजारच्या दाताला लगेच झोंबलं, याला काहीच नाही. आरसीटी करून आतून ब्लीचिंग केलं, आता रंग बराच जुळलाय.

सिडकोची_लेक:
थँक्यू सगळ्यांना, उद्याच घेऊन जाते. आईला शुगर आहे, चालेल ना?

डेंटिस्ट_गंगापूररोड:
चालेल, उलट शुगरवाल्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये. गोळ्यांची चिठ्ठी न्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच मोठ्या हॉस्पिटलला जा.