मदत हवी आहे: ६२ हजार मैल जमलेत, वापरू की सोडून देऊ?

नमस्कार मंडळी,

लेक लंडनला असते. दोन वर्षांतून एकदा आम्ही दोघं तिच्याकडे जातो. इतकी वर्षं एकाच विमान कंपनीला धरून राहिलो (नाव देत नाही, उगाच वाद नको). शिवाय ह्यांनी त्या कंपनीचं क्रेडिट कार्डही घेतलं. वाण्याचं बिल, विम्याचा हप्ता, सगळं त्यावरच. जमले ६२,००० मैल (म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे कंपनीचे बक्षिसाचे गुण). त्यातले बरेचसे मार्चअखेर बाद होणार, म्हणून काल रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो.

मुंबई-लंडन एकेरी तिकिटाला ७०,००० मैल मागताहेत. गेल्या खेपेला बघितलं तेव्हा बरेच कमी होते. कमी पडणारे ८,००० विकत घ्यायचे तर साधारण १८,००० रुपये. वर 'कर व अधिभार' २१,०००. झाले ३९,०००. आणि त्याच विमानाचं, त्याच दिवसाचं साधं तिकीट? ४६,०००!

म्हणजे ६२,००० मैल खर्चून वाचणार सात हजार. माझं गणित कुठे चुकतंय का? आणि कार्डाची वार्षिक फी (जीएसटी धरून ५,९००) भरत राहावी का? जाणकारांनी सांगावं.

— खिडकीजवळची

*

रिकामटेकडा प्रवासी: गणित बरोबर आहे ताई. मैलाला अकरा पैसे पडले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

पूर्वी जितकं अंतर उडाल तितके मैल मिळायचे, त्यामुळे स्वस्तातलं तिकीट काढून लांब जाणाऱ्या आपल्यासारख्यांची चंगळ होती. अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी २०१५ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये हिशेब तिकिटाच्या किमतीवर नेला. आपल्याकडे एअर इंडियानेही २०२४ मध्ये तेच केलं. आता कंपनीच्या पैशाने शेवटच्या क्षणी महागडं तिकीट काढणाऱ्या साहेबाला मैल मिळतात. सहा महिने आधी सेल गाठणाऱ्या आपल्याला चुरा.

बॅग सातच किलो: त्या २१,००० ची फोड उघडून बघा. वायक्यू किंवा वायआर असं लिहिलेली रक्कम सरकारी कर नसते, ती विमान कंपनीच लावते आणि स्वतःच ठेवते. 'फुकट' तिकिटाची खरी गोम तिथे आहे. हा अधिभार कंपनीगणिक बदलतो, म्हणून त्याच मैलांवर भागीदार कंपनीचं तिकीट मिळतंय का ते शोधा. जवळच्या प्रवासाला पुष्कळदा जास्त मोल येतं. मात्र लंडनहून निघणारं तिकीट मैलांवर काढलंत तरी तिथली एअर पॅसेंजर ड्यूटी भरावीच लागते, ती सरकारी आहे.

मैल विकत मात्र अजिबात घेऊ नका. आहेत ते संपवा.

कोकणकडा: सहमत. जेट एअरवेज बंद पडली त्या एप्रिल २०१९ पासून मी काहीही साठवत नाही. मैल म्हणजे काही बँकेतली ठेव नाही, किती मैलांना काय द्यायचं ते दुकानदारच ठरवतो आणि भाव बदलला की आपल्याला नंतर कळतं. कार्डाचं म्हणाल तर फी न लागणारं, सरळ रुपये परत देणारं एखादं घ्या. विमान मग जे स्वस्त, वेळेवर आणि गुडघे न दुखवणारं असेल ते.

*

खिडकीजवळची: सगळ्यांचे आभार. फोड उघडली. २१,००० पैकी १६,८०० समोर वायक्यू! इतकी वर्षं मी त्याला टॅक्स समजत होते.

भागीदार कंपनीचं मुंबई-सिंगापूर दिसतंय, दोघांचं मिळून ५०,००० मैल आणि माणशी साडेतीन हजार. लेकीकडे जायचं तिकीट सेलमध्ये रोख काढू. सिंगापूरला फेब्रुवारीत फार उकडतं का हो? नणंदेला संधिवात आहे, तिला माझ्याबरोबर पाठवायचं घाटतंय.

आणि कार्डाचं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. फी गेल्याच आठवड्यात भरलीय.