मुलींच्या कॅथलिक शाळेत मुलगा, तोही फक्त दुसरीपर्यंत. अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

लेकाला एका कॅथलिक शाळेत प्रवेश मिळतोय. शाळा मुलींची, सिस्टर चालवतात. मुलगे फक्त दुसरीपर्यंत घेतात. थोरली लेक तिथेच शिकते, त्यामुळे शिकवण्याबद्दल शंका नाही. शिवाय दोघांची ने-आण एकाच फेरीत होईल (हे कारण मी घरात मोठ्याने सांगत नाही).

"मुलींच्या शाळेत मुलगा कसा घालता?" हा प्रश्न नातेवाइकांचा, माझा नाही. त्या वयात पोरांना खेळायला कोणीही चालतं. प्रार्थना, येशूच्या गोष्टी यांचीही आम्हाला अडचण नाही.

घोर आहे तो दुसरीनंतरचा. मित्र जमले, वाचन जरा सुरळीत झालं की लगेच नवी शाळा. तिथली मुलं आधीपासून एकमेकांना ओळखत असणार. आणि ताई मात्र जुन्याच शाळेत जाणार. "तिला ठेवलं, मला काढलं" असं त्याने मनाला लावून घेतलं तर?

ज्यांची मुलं अशा शाळेत होती, किंवा जे स्वतः शिकले, त्यांनी सांगा: वर्गात मुलगे किती असायचे? पुढच्या शाळेत रुळायला त्रास झाला का? आणि प्रवेशाआधी शाळेला नेमकं काय विचारून घेऊ?

प्रतिसाद

मी असाच मुलगा. आमच्या वर्गात मुलगे मूठभर होते, पण जाताना सगळे एकाच शाळेत गेलो, म्हणून काही जाणवलं नाही. तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

ही पद्धत जुनी. आयर्लंडमध्ये कित्येक गावांत लहान मुलगे सिस्टरांच्या शाळेत असत आणि फर्स्ट कम्युनियननंतर (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा विधी) ब्रदर्सच्या, म्हणजे धर्मबंधूंनी चालवलेल्या मुलांच्या शाळेत जात. कम्युनियनचं वय पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये साधारण सातवर आणलं. पुढे १९२९ मध्ये अकरावे पायस यांनी मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाला अधिकृत पत्रातून विरोध केला. तेव्हा सात-आठ वर्षांवर रेघ का, याचं उत्तर बरंचसं तिथे सापडतं. फक्त तेव्हा पुढची शाळा ठरलेली असे, आज ते गृहीत धरू नका.

म्हणून शाळेत जाऊन विचारा: गेल्या वर्षी दुसरीतून बाहेर पडलेले मुलगे कुठे गेले? एखाद्या शाळेशी ठरलेलं आहे का, असल्यास लेखी आहे का? की पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं? "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर मी तरी दुसरी शाळा आत्ताच शोधेन.

ताईचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून सांगत राहा की मुलगे दुसरीनंतर मोठ्या शाळेत जातात. मला आईने तेच सांगितलं होतं, आणि मी बहिणीसमोर भाव खात हिंडायचो.

हो, मुलग्यांचं स्वच्छतागृह वेगळं आहे का आणि वर्गापासून किती लांब, तेही बघून या.