एकच ब्रेल डिस्प्ले फोन आणि लॅपटॉप दोन्हीला कसा जोडायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्याकडे ४० सेलचा (एका वेळी ४० ब्रेल अक्षरं दाखवणारा) ब्लूटूथवाला ब्रेल डिस्प्ले आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचता येईल असा ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर (दोन्ही स्क्रीन रीडर, पडद्यावरचं वाचून दाखवणारे), दोन्हीकडे वापरायचाय. आयफोनला व्हॉइसओव्हरच्या ब्रेल सेटिंगमधूनच जोडला, नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून नाही, तिथवर ठीक, पण लॅपटॉप चालू असला की डिस्प्ले आधी त्यालाच जोडला जातो, एनव्हीडीएत डिस्प्ले शोधणं ऑटोमॅटिक ठेवलंय म्हणून असेल, मग पेअरिंग काढा, पुन्हा पहिल्यापासून करा. सध्या लॅपटॉपला यूएसबी केबल लावून भागवतेय. मी शाळेत मराठी शिकवते, धडा फोनवरून बोटांनी वाचते, मुलं समोर बसलेली आणि ओळ मध्येच गायब झाली की फार कासावीस व्हायला होतं. कुणी ऑटोमॅटिक काढून ठरावीक पोर्ट (जोडणीचा मार्ग, जसं यूएसबी) निवडून बघितलंय का? फरक पडतो का? प्लीज सांगा, सोमवारी वर्ग आहे.