बहिणीला मुंबईहून घरी आणतोय, लेकरांना काय नि कसं सांगू?

नमस्कार, मी धुळ्याची. मोठी बहीण अमळनेर तालुक्यात दिलेली. तिला ओव्हरीचा कॅन्सर आहे, मागच्या पोळ्यापासून ती आणि दाजी मुंबईलाच खोली घेऊन राहतात आणि लेकरं गावाला तिच्या सासूबाईंकडे. आता डॉक्टर म्हणाले केमोचा उपयोग होत नाहीये, घरी न्या, त्रास कमी राहील अशी औषधं देतो. पुढच्या आठवड्यात आणतोय.

लेकरांना अजून कोणी काही सांगितलेलंच नाही, पोटाचं छोटं ऑपरेशन आहे एवढंच. केस गेले म्हणून ताई व्हिडिओ कॉल करत नाही. धाकटा सात वर्षांचा, रोज संध्याकाळी "मनी माय कव्हय येई?" आणि परवा मला हळूच म्हणतो, मी शाळेत जायला रडायचो म्हणून तिचं पोट दुखायला लागलं ना मावशी? मोठी नववीत. ती काहीच विचारत नाही, भाकरी टाकते, भावाचे कपडे धुते, सगळे म्हणतात किती समजदार पोरगी, पण माझ्या मोबाईलवर तिने शोधलेलं दिसलं, पोटात पाणी होणं म्हणजे कितवी स्टेज.

सासूबाई म्हणतात लेकरांच्या जिवाला घोर नको. कोणी यातून गेलं असेल तर सांगा ना.

तापीकाठची : ताई, मी शाळेत काउन्सेलर आहे. घोर तर लागलेलाच आहे की त्यांना. धाकट्याला आधी हे सांगा की तुझ्या रडण्याने आई आजारी पडली नाही, कोणाच्याच वागण्याने हा आजार होत नाही. हे एकदा सांगून भागत नाही, परत परत सांगावं लागतं. कॅन्सर हे नाव घ्या, तो शिवल्याने लागत नाही, आईला बिलगलं तरी चालतं, हेही सांगा. केस गेलेला फोटो ती यायच्या आधी दाखवा. आणि पुढे जे होईल तेव्हा "झोपली", "गावाला गेली" असलं काही बोलू नका, या वयाची पोरं मग रात्री झोपायलाच घाबरतात. दोघांच्या वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

कापूसवाला : मी पाचवीत होतो, वडील गेले त्या दिवशी मला मामाकडे भुसावळला धाडलं, दिवसकार्याची गंधमुक्ती झाल्यावर आणलं तर भिंतीवर हार घातलेला फोटो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरली तेव्हा काकांनी मला शेजारी बसवलं, घागरीवर डांगर (खरबूज) ठेवायला लावलं, तेव्हा कुठे पटलं भो की माणूस खरंच गेला. लेकरांना लांब पाठवू नका. यायचं का ते त्यांनाच विचारा.

धागाकर्ती : खूप आभार दोघांचे. मोठीला आधी सांगू की दोघांना एकत्र?

तापीकाठची : एकत्र सांगा, थोडक्यात, आणि शक्यतो दाजींनी, ताईंच्या अंगात ताकद असेल तर त्यांनी स्वतः. नंतर मोठीला एकटीला घेऊन बसा. तिने स्टेज विचारली तर खरं सांगा. ती स्वयंपाकात अडकलीये ते काम दुसऱ्या कोणाकडे देता आलं तर बघा, क्लास आणि मैत्रिणी सुटायला नकोत. सासूबाईंशी तुम्ही नका बोलू, दाजींनाच बोलू द्या, मुलाचं ऐकतील.